बेत

लांबी एकशे बहात्तर, रुंदी एकशे पन्नास.
फीत पुन्हा लावली. तेवढंच.
भिंतीला पोट सुटलंय, तिथे एकशे अठ्ठेचाळीस.

रीगाच्या या टोकाला, या इमारतीत
पाच मजल्यांच्या पाच न्हाण्या
एकाच उभ्या पाइपाला लटकल्यात,
वेलीला काकड्या लागाव्यात तशा.
पाइप हलत नाही, म्हणून कमोड हलत नाही.
वरचा ओयार्स दात घासताना खाकरतो
ते आमच्या कोपऱ्यात उतरतं.
तेही हलायचं नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकटींचा कागद.
एक चौकट म्हणजे दहा सेंटिमीटर.
आई पुठ्ठे कापते.
कोटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं बाह्या बेतल्या तिने.
डाव्या मनगटात अजून जोर नाही,
पण कात्री उजव्या हाताची.
टब सतरा बाय सात.
बेसिन पाच बाय चार.
वॉशिंग मशीन सहा बाय साडेचार, आणि त्याचा हट्ट वेगळा.

"माया ठेवलीस का, वीझमा?"
कशाला? फरश्या काय उसवतात?
"या घरात सरळ भिंत पाहिलीयेस कधी?
दोन्हीकडून माया सोड."

मी मशीन बेसिनखाली सरकवते.
ती परत बाहेर काढते.
मी टब उचलून नव्वद बाय नव्वदचा शॉवर ठेवते.
"इथे माणूस नुसता उभा राहणार. बसायचं कशावर?"
स्टूल ठेवू.
"स्टुलावर बसून गाईची धार काढतात."
मध्येच बेसिन हरवतं.
टेबलाखाली नाही, बशीखाली नाही.
चहाला उठते तेव्हा दिसतं,
तिच्या स्वेटरच्या कोपराला चिकटलेलं.

मग दार.
बिजागरीवर कर्कटकाचं टोक रोवून
सहा चौकटींचं पाव वर्तुळ मी आत काढते,
सवयीने.

दोघी गप्प.

जानेवारीत ती याच पाव वर्तुळात पडली होती.
दार आत उघडणारं.
मी बाहेरून ढकलत होते
आणि ढकलत होते ते तिलाच.
दर धक्क्याला आतून एक बारीक आवाज.
मग थांबले.
फटीतून दोन बोटं गेली.
केसांना लागली. केस ओले होते.
ओयार्स पायजम्यातच करवत घेऊन उतरला.
त्याने दाराचा खालचा भाग कापेपर्यंत
मी फटीशी तोंड नेऊन काहीबाही सांगत होते:
बटाटे आणलेत, बडीशेप मिळाली नाही,
बर्फ थांबलाय.
बर्फ थांबला नव्हता.

जिवावर बेतलं ते मनगटावर निभावलं,
असं ती शेजारणींना सांगते
आणि दुसऱ्या कपात साखर घालते.
मला मात्र अजून
कुठलंही दार ढकलताना आधी बोटाने चाचपावं लागतं.

आई खोडरबर घेते.
रेघ पुसते, कागदाचे वळ हाताने झाडते,
ड्रॉवरमधून कापडावरचा निळा खडू काढते
आणि कर्कटक न वापरता
बाहेरच्या बाजूला, बोळात, एक कमान ओढते,
कोटाची काखच जणू.
एका दमात. नेमकी सहा चौकटी.

मग टब उचलते. सतरातून पाच कापते.
"बारा पुरे. पाय दुमडून बसेन.
इथे भिंतीला मूठ लाव, पितळी नको."
काठ किती उंच आहे त्याचा, आई?
पाय किती उचलावा लागेल?
ती ऐकलं न ऐकलंसं करते.
उरलेला पाच बाय सातचा तुकडा
मी कचऱ्यात टाकायला जाते तर म्हणते, राहू दे,
तुकडा कशाला तरी लागतो.

बाहेरची निळी कमान
बुटांच्या कपाटावर चढलीये, चार बोटं तरी.
गमबूट, तिच्या फरच्या चपला,
बाबांचे कुणी न घालणारे काळे जोडे.

ते कुठे ठेवायचे, उद्या बघू.